खिशातला चाकू: पात्याआधी सांधा पाहा

नंदुरबार जिल्ह्यात धारेच्या हत्यारांना तोटा नाही. शहाद्याकडच्या उसाच्या फडात कोयता चालतो, केळीचा घड विळ्यानं उतरतो, सातपुड्याच्या पायवाटेनं निघालेल्या माणसाच्या खांद्यावर कुऱ्हाड असते आणि घरात विळी असतेच. इतकं सगळं असताना खिशात आणखी एक चाकू कशाला, असा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्तच आहे.

उत्तर कामांच्या यादीत सापडतं. मिरचीच्या गोणीची सुतळी कापायची असते. ठिबकची नळी फुटली तर तेवढा तुकडा छाटून जोड बसवायचा असतो. खताच्या पिशवीचं तोंड उघडायचं, वायरीवरचं प्लास्टिक सोलायचं, बांधावर बसून पेरू चिरायचा, पोराची पेन्सिल तासायची. अशी कामं कुठंही आणि केव्हाही निघतात, आणि नेमका तेव्हाच कोयता घरी राहिलेला असतो. मग माणूस दातानं सुतळी तोडतो किंवा मोटारसायकलच्या किल्लीनं पिशवी फाडतो.

खिशात मावेल, जाणवणार नाही इतका हलका असेल आणि मिटल्यावर बोटाला किंवा कापडाला लागणार नाही, असा चाकू हवा तर पातं मुठीत मिटायला हवं. पातं मिटलं की चाकूत एक सांधा येतो. दुकानात आपली नजर पात्याच्या चकाकीवर जाते, पण एका चाकूचा दुसऱ्यापासूनचा खरा फरक या सांध्यात असतो. तुमची बोटं शाबूत ठेवणं हे त्याचंच काम आहे.

सांधा आला की मर्यादा आली

स्वयंपाकघरातली सुरी एकसंध असते. तिच्या पात्याचं शेपूट मुठीत आतपर्यंत गेलेलं असतं, त्यामुळे जोर दिला तरी वाकायला जागा नसते. मिटणारा चाकू दोन भागांचा असतो आणि ते भाग एका खिळ्यावर फिरतात. साऱ्या जोराचा भार त्या खिळ्यावर पडतो.

मराठी घरात याचं सर्वांच्या ओळखीचं उदाहरण म्हणजे घडीची विळी. तिचंही पातं खिळ्यावर फिरतं, तरी ती वर्षानुवर्षं टिकते. कारण विळीवर आपण पाट दाबून बसतो आणि भाजी पात्याकडे नेतो, म्हणजे जोर एकाच दिशेनं आणि बेतानं पडतो. खिशातल्या चाकूचं तसं नसतं. कधी तो खाली दाबला जातो, कधी आडवा पिळला जातो, तर कधी टोकाच्या बाजूनं ढकलला जातो.

फोडणं, उचकटणं आणि ठोकणं ही तीन कामं मिटणाऱ्या चाकूला सांगू नयेत. नवापूर भागात टोपल्या आणि सुपं विणणारे कोतवाळिया कारागीर बांबू चिरतात तेव्हा पातं आत रुतवून पिळतात, म्हणजे बांबू पुढे आपोआप फाटत जातो. हे काम एकसंध, जाड पाठीच्या हत्याराचं आहे. खिशातल्या चाकूनं ते करायला गेलात तर पहिल्याच पिळात खिळा सैल होईल. पुढे पातं डुगडुगायला लागेल, आणि डुगडुगणारं पातं मिटताना मुठीच्या मधोमध बसत नाही, कडेला घासून स्वतःचीच धार मारतं. डब्याचं झाकण चाकूच्या टोकानं उचकटणाऱ्यांचे चाकू टोकाला मोडलेले दिसतात ते उगाच नव्हे.

सांध्याचे पाच प्रकार

सर्वांत साधा सांधा केवळ घर्षणावर चालतो. खिळा घट्ट ठोकलेला असतो, म्हणून पातं जिथं उघडाल तिथं राहतं. जपानमधल्या मिकी गावचा हिगोनोकामी हा याचा नामांकित नमुना. १८९० च्या दशकापासून तो बनतो. पत्र्याची दुमडलेली मूठ, एक पातं, पात्याच्या बुडाशी बाहेर आलेली छोटी दांडी, एवढाच त्याचा संसार. वापरताना अंगठा त्या दांडीवर ठेवायचा, म्हणजे पातं मिटत नाही. अंगठा हीच त्याची कळ. बिघडण्यासारखं यात काही नाही, पण अंगठा सरकला तर सुरक्षाही सरकली.

दुसरा प्रकार पाठीमागच्या स्प्रिंगचा. मुठीच्या पाठीत एक पोलादी पट्टी असते. ती पात्याच्या बुडावर सतत दाब ठेवते, त्यामुळे पातं पूर्ण उघडं किंवा पूर्ण मिटलेलं राहायला बघतं. आठवडे बाजारात मिळणारा साधा घडीचा चाकू याच जातीचा असतो, आणि जगभर गाजलेला स्विस चाकूही याच जातीचा. कार्ल एल्सनर यांनी १८८४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या इबाख इथं कारखाना काढला, १८९१ मध्ये स्विस सैन्याला पहिले चाकू पुरवले आणि १८९७ मध्ये अधिकाऱ्यांसाठीच्या चाकूची नोंदणी केली. त्यांची खरी करामत स्प्रिंगेत होती. एकाच पट्टीवर मुठीच्या दोन्ही अंगांची हत्यारं बसवल्यामुळे जाडी न वाढवता कामं दुप्पट झाली. व्हिक्टोरिनॉक्स हे नाव त्या कंपनीला नंतर मिळालं. या सांध्याची मर्यादा मात्र पक्की लक्षात ठेवा: स्प्रिंग पात्याला धरते, अडकवत नाही. टोक रुतलं किंवा पात्याच्या पाठीवर दाब आला तर ते बोटांवर मिटतं.

तिसरा प्रकार कड्याचा. फ्रान्सच्या साव्वा या डोंगराळ भागातल्या जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये लाकडी मुठीचा स्वस्त शेतकरी चाकू घडवला आणि १८९७ पासून तो १ ते १२ अशा मापांत मिळू लागला. १९५५ मध्ये मार्सेल ओपिनेल यांनी त्याला फिरणारं कडं बसवलं. पातं उघडून कडं फिरवलं की खाच झाकली जाते आणि पात्याला मागे यायला वाट उरत नाही. कळ इतकी उघडी आणि सोपी आहे की ती लागली की नाही हे डोळ्यांनी दिसतं. तिची अडचण पावसाळ्यात कळते. मूठ बीच लाकडाची असल्यानं भिजली की फुगते आणि पातं खाचेत जखडतं. सुकल्यावर पुन्हा सुटतं, पण धडगाव-तोरणमाळच्या पावसात ओल्या खिशात ठेवायचा हा चाकू नव्हे.

चौथा प्रकार पाठीवरच्या खटक्याचा, म्हणजे बॅक लॉक. अमेरिकेतल्या बक कंपनीनं १९६४ मध्ये आणलेल्या ११० क्रमांकाच्या चाकूनं तो घरोघर नेला. उघडताच पाठीची पट्टी पात्याच्या खाचेत अडकते, मिटवायचं तर पाठीवर दाबावं लागतं. बोटांच्या सुरक्षेसाठी हा उत्तम, पण पितळ आणि लाकडाची मूठ असलेला तो मूळ चाकू सुमारे २०० ग्रॅम भरतो. सदऱ्याच्या खिशात ठेवला तर खिसाच लोंबतो.

पाचवा प्रकार आज बाजारात सर्वाधिक दिसतो, लायनर लॉकचा. मुठीच्या आतली पत्र्याची पट्टी पातं उघडल्यावर बाजूनं सरकून त्याच्या बुडामागे उभी राहते. मायकेल वॉकर या अमेरिकी कारागिरानं १९८० च्या दशकात तिला आजचं रूप दिलं. त्याच सुमारास, १९८१ मध्ये, स्पायडर्को या कंपनीनं पात्यात गोल भोक ठेवून चाकू एका हातानं उघडण्याची सोय केली आणि खिशाच्या काठावर अडकवायची क्लिपही दिली. दोन्ही गोष्टी पुढे साऱ्या जगानं उचलल्या. चांगल्या हातानं बनलेला लायनर लॉक भरवशाचा असतो. स्वस्त नकलेत ती पट्टी पातळ असते आणि पात्याच्या बुडाला जेमतेम टेकते. दाब आला की घसरते. खटक्याचा आवाज ऐकून माणूस निर्धास्त होतो आणि घात तिथंच होतो. लॉक नसलेल्या चाकूशी तो जपून वागला असता.

पोलादाची परीक्षा कैरीपाशी

सांधा समजला की पात्याकडे वळू. पोलादाच्या गप्पा दुकानात मिश्रधातूंच्या नावांनी होतात, पण आपल्या जिल्ह्यात त्याची परीक्षा घ्यायची तर अक्राणी तालुक्यात जावं.

उन्हाळ्यात तिथल्या गावठी आंब्यांच्या कैऱ्या उतरवतात, सोलतात, फोडी करतात आणि उन्हात वाळवतात. हीच आमचूर. फोड जितकी पांढरी तितका भाव बरा. आता साध्या कार्बन पोलादाच्या चाकूनं कैरी चिरून बघा. काही मिनिटांत पात्यावर निळसर काळे डाग उमटतात आणि फोडीची कडही काळपटते. कैरीतलं आम्ल पोलादातलं लोखंड विरघळवतं आणि ते लोखंड फळातल्या तुरट द्रव्यांशी मिळून काळा रंग तयार करतं. हिरडा आणि हिराकस वापरून पूर्वी काळी शाई करत, तिचं रसायन हेच.

स्टेनलेस पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं, चाकूंच्या पोलादात बहुधा तेराच्या आसपास. या क्रोमियमचा हवेशी संयोग होऊन पृष्ठभागावर न दिसणारा पातळ थर बसतो आणि आम्ल लोखंडापर्यंत पोचत नाही. त्यामुळे फोड पांढरी राहते. फळं कापायची तर स्टेनलेस घ्या, इतका हा हिशेब सरळ आहे.

मग कार्बन पोलाद का टिकून आहे? कारण ते दगडावर लवकर धार घेतं आणि ती धार बारीक असते. घिसाडी विळे-कोयते घडवतात तेव्हा बहुतेकदा मोटारीच्या जुन्या स्प्रिंगचे पाटे वापरतात. त्या पोलादात साधारण ०.६ टक्के कार्बन असतं. तापवून लाल केलेल्या पात्याला पाणी दिलं की ते कडक होतं, मग जरा शेक देऊन त्याचा ठिसूळपणा काढतात. कडकपणा आणि चिवटपणा यांची ही तडजोड प्रत्येक पात्यात असते. रॉकवेल मोजपट्टीवर स्विस चाकूचं पातं सुमारे ५६ ला येतं. काही महागडे चाकू ६० च्या पुढे जातात. ५६ चं पातं लवकर बोथट होतं खरं, पण चहाच्या कपाच्या बुडावरही पुन्हा लागतं. ६० च्या पुढचं पातं फार दिवस चालतं, मात्र एकदा बोथट झालं की हिऱ्याच्या कणांचा दगड शोधावा लागतो, आणि आडवं पिळलं तर त्याच्या धारेचा टवका उडतो. ज्याच्याकडे चांगला दगड नाही आणि वापर मिश्र आहे, त्याला मऊ पातं जास्त उपयोगी पडतं. दुकानदार याच्या उलट सांगेल.

टोक, पोट आणि लांबी

सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. मेखेला बांधलेला घोडा बिथरला आणि दोर त्याच्या पायात गुंतला, तर सोडवायला वेळ नसतो. दोर कापावाच लागतो. अशा वेळी अणकुचीदार टोकाचा चाकू घोड्याच्या अंगात आणि आपल्या हातात, दोन्हीकडे शिरू शकतो. या कामासाठी सरळ धारेचं, पाठ पुढे उतरत जाऊन टोक बोथट केलेलं पातं असतं. खलाशी ते दोरखंडासाठी वापरत आले आहेत. जनावरं पाळणाऱ्यांनी त्याच आकाराकडे बघावं.

फळ चिरायला आणि सोलायला पात्याला किंचित गोल पोट हवं. वेल आणि फांद्या छाटायला पोपटाच्या चोचीसारखं आत वळलेलं पातं बरं, कारण ओढताना फांदी त्यातून निसटत नाही. शहाद्याकडे पपई आणि केळीच्या बागांत ठिबकच्या १६ मिलिमीटरच्या नळ्या कापाव्या लागतात. त्यासाठी पातळ आणि सरळ पातं चांगलं. जोड नीट बसायचा तर काप तिरका जाऊन चालत नाही, आणि जाड पातं नळी कापण्याऐवजी चेपतं.

कलमाचा चाकू ही वेगळीच जात आहे. आंब्याचं मृदुकाष्ठ कलम करताना काडीच्या बुडाला दोन्ही बाजूंनी चार-पाच सेंटिमीटरचा तिरपा काप देऊन पाचर करतात आणि खुंटाच्या चिरेत बसवतात. दोन्ही काप एकाच ओढीत आणि सपाट आले पाहिजेत, तरच साल सालीला भिडते. म्हणून कलमाच्या चाकूला धार एकाच अंगानं दिलेली असते, दुसरं अंग सपाट. डोळा भरण्याच्या चाकूला साल उचकण्यासाठी बोथट जीभही असते. या चाकूनं सुतळी कापू नये, पेरूही नाही. त्याची धार फक्त कलमासाठी राखायची.

लांबीचा मोह सर्वांत आधी आवरावा. वर सांगितलेल्या यादीतलं एकही काम सात-आठ सेंटिमीटरच्या पात्याला भारी नाही. त्याहून लांब पातं म्हणजे लांब मूठ, जास्त वजन आणि बघणाऱ्याच्या कपाळावर आठी.

कोणाला कोणता

आता तुलना कामाच्या नावानं करू.

शिक्षक, कारकून, विद्यार्थ्यांचे पालक, एसटीनं रोज ये-जा करणारी माणसं यांना ५८ मिलिमीटर लांबीचा लहान स्विस चाकू पुरतो. वजन सुमारे २१ ग्रॅम. किल्ल्यांच्या जुडग्यात राहतो आणि त्यातली कात्री पात्यापेक्षाही जास्त वापरली जाते. लॉक नाही, पण इतक्या छोट्या पात्यावर जोर कोणी देतही नाही.

शेतात, दुकानात किंवा मार्केट यार्डात काम करणाऱ्याला ९१ मिलिमीटरचा, दोन पात्यांचा स्विस चाकू सर्वांत सोयीचा. मोठं पातं फळाला, छोटं पातं सुतळी-पिशवीला, शिवाय स्क्रू फिरवायला आणि डबा उघडायला वेगळी हत्यारं. म्हणजे पात्यानं डबा उचकटायचा मोहच होत नाही. किंमत काही हजारांत जाते, ही त्याची मुख्य अडचण.

एकच पातं, पण नीट अडकणारं हवं असेल तर ओपिनेलचा ८ क्रमांकाचा चाकू बघा. पातं साडेआठ सेंटिमीटरचं, वजन पन्नास ग्रॅमच्या आत. पातळ पात्यामुळे फळ त्याच्यासारखं दुसरा कोणी कापत नाही. तो कार्बन आणि स्टेनलेस अशा दोन्ही पोलादांत येतो. कैरी-लिंबाच्या मुलखात स्टेनलेसच मागून घ्या.

शंभर-दोनशे रुपयांचा बाजारातला घडीचा चाकू कमी लेखू नका. स्प्रिंग ताठ आणि खिळा घट्ट असला तर सुतळी-पिशवी-पेरू या कामांत तो महागड्या चाकूइतकाच चालतो. हरवला तर जीव जळत नाही, हाही एक गुणच. त्याच किमतीत मिळणारा, काळ्या रंगाचा, दातेरी पात्याचा, चित्रपटात शोभेल असा लायनर लॉक मात्र घेऊ नये. पैसे दिखाव्यावर गेलेले असतात आणि लॉकवर काही उरलेलं नसतं.

आमचूर करणाऱ्या घरांनी यातला कोणताच चाकू मुख्य कामाला घेऊ नये. शेकडो कैऱ्या चिरताना चीक आणि गर मुठीच्या खाचेत जाऊन बसतात, सांधा चिकटतो आणि तिथं धुणंही अवघड. त्या कामाला स्वयंपाकघरातली एकसंध स्टेनलेस सुरीच योग्य. खिशातला चाकू झाडाखाली बसून मीठ लावून खायच्या एका कैरीसाठी.

घेताना हातात घेऊन बघा

पातं अर्धवट उघडून आडवं हलवा. खिळ्यापाशी हालचाल जाणवली तर चाकू परत ठेवा. नवा असतानाच जो डुगडुगतो तो वर्षभरात सुटतो. मग चाकू मिटवून उजेडाकडे धरा आणि पातं दोन्ही भिंतींच्या मधोमध आहे का पाहा. स्प्रिंगचा चाकू उघडताना शेवटच्या टप्प्यात पातं स्वतःहून टक्क करून बसलं पाहिजे. ढकलून बसवावं लागत असेल तर स्प्रिंग मेलेली आहे.

लॉकच्या चाकूची परीक्षा अशी: पातं उघडा, बोटं मिटण्याच्या वाटेतून बाजूला ठेवा, आणि पात्याची पाठ लाकडी फळीवर हलकेच टेकवून दाबा. लॉक तसूभरही सरकता कामा नये. शेवटी नख अडकवायची खाच बघा. ओल्या किंवा तेलकट हातानं उघडता येत नसेल तर शेतात उपयोग नाही.

धार आणि निगा

बोथट चाकू धारदार चाकूपेक्षा जास्त कापतो, मात्र आपल्याला. धार नसली की आपण जोर वाढवतो, आणि जोर वाढला की घसरण्याचा वेगही वाढतो.

धार लावायचा कोन दर अंगाला साधारण २० अंश. मापायला काही लागत नाही. पातं दगडावर काटकोनात उभं धरा, निम्मं झुकवा, पुन्हा निम्मं झुकवा. दगड पाण्यानं भिजवा आणि पातं धारेच्या दिशेनं पुढे ढकलत चला. काही वेळानं दुसऱ्या अंगाला बोटानं जाणवणारी बारीक कोर उभी राहते. ती आली म्हणजे ते अंग झालं. मग अंग बदला, हात हलका करत न्या, आणि अखेर चामड्याच्या पट्ट्यावर उलट्या दिशेनं चार वेळा ओढा. दगड नसेल तर कपाच्या बुडाचं चकाकी नसलेलं खरखरीत वर्तुळ चालतं.

सायकलवर चाक बसवून धार लावणाऱ्याकडे विळी द्यायला हरकत नाही. खिशातला चाकू देताना मात्र बघत उभे राहा. पातळ पातं कोरड्या चाकावर क्षणात तापतं. धारेची कड निळी पडली म्हणजे तापमान तीनशे अंशांच्या आसपास गेलं आणि तिथला कडकपणा उतरला. ती निळाई पुसली जाते, गेलेला कडकपणा परत येत नाही. मध्येमध्ये पाण्यात बुडवायला सांगा.

वापर झाला की पातं पुसून मिटवा. कैरी, लिंबू, कांदा कापला असेल तर आधी धुवा. सांध्यात शिलाई यंत्राच्या तेलाचा एक थेंब महिन्यातून पुरे. जास्त तेलात शेताची धूळ चिकटते आणि ती दगडासारखी घासत राहते.

खिशात ठेवताना कायदा

आपल्याकडे चाकूचं नाव खराब केलं ते रामपुरीनं. उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा हा खटकेदार, लांब पात्याचा चाकू हिंदी चित्रपटांतल्या गुंडांच्या हाती इतका दिसला की घडीचा चाकू म्हणजे मारामारी, असं समीकरण झालं. १९९० च्या दशकात उत्तर प्रदेश सरकारनं साडेचार इंचांहून लांब पात्यांवर बंदी आणली. त्याच रामपूरनं २०२३ मध्ये चौकात भलामोठा चाकू उभारून आपली कारागिरी मिरवलीही.

कायद्याचं चित्र असं आहे. १९५९ चा शस्त्र कायदा केवळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगासाठी बनवलेल्या वस्तूंना शस्त्र मानत नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत आहेत, तिथंही घरगुती, शेती, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामाची हत्यारं वगळलेली आहेत. आपण ज्या चाकूंबद्दल बोलतो आहोत ते या मापाच्या निम्म्यानंही भरत नाहीत.

पण एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. सण, निवडणूक किंवा तणावाच्या काळात १९५१ च्या पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदीचे आदेश निघतात. त्यांत तलवारी-भाल्यांबरोबर सुरे आणि लाठ्याही येतात. आदेश लागू असताना मोर्चात, मिरवणुकीत किंवा सभेत चाकू खिशात असणं अंगाशी येऊ शकतं. हा मूळचा मुंबई राज्याचा कायदा, म्हणून गुजरातेतही त्याच कलमाचा अंमल आहे. नवापूरचं रेल्वे स्थानक निम्मं महाराष्ट्रात आणि निम्मं गुजरातेत आहे. फलाटावर चार पावलं टाकली की पोलीस बदलतात, नियमाचा आशय बदलत नाही. सुरतेहून विमान धरायचं असेल तर चाकू हातातल्या पिशवीत चालत नाही, तो आधीच सोपवायच्या सामानात टाकावा लागतो. शाळा, न्यायालय आणि मतदान केंद्रावर जाताना तो घरीच ठेवावा. बटण दाबताच झडप घालणारं पातं तर घेऊच नये. कोणत्याही घरगुती कामाला त्याची गरज पडत नाही, आणि पोलिसापुढे त्याचं समर्थन करता येत नाही.

थोडक्यात निवाडा असा. रोजच्या वापरासाठी आठ सेंटिमीटरच्या आतबाहेरचं, साधं, स्टेनलेस पातं घ्या. दोन हातांनी उघडावा लागणारा चाकू चालेल, सैल खिळ्याचा चालणार नाही. लॉक हवा असेल तर चांगला घ्या, नाहीतर लॉक नसलेलाच घेऊन जपून वापरा. पैसे मोजके असतील तर स्वस्त चाकू आणि चांगला दगड ही जोडी महागड्या चाकूपेक्षा जास्त वर्षं साथ देते. आणि चाकू कोणाच्या हाती देताना मिटवूनच द्या.